ग्राफिक्स कार्डामुळे घरचा संगणक क्रॅश होतो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्राफिक्स कार्ड आणि त्यामुळे बंद पडणारा घरचा संगणक यांविषयी वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे विंडोज १० आणि ११ गृहीत धरून लिहिली आहेत. लिनक्स वापरणाऱ्यांनी प्रश्न १५ पाहावा. एकाच गोष्टीची पुनरुक्ती टाळण्यासाठी आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ग्राफिक्स कार्ड 'क्रॅश' होते म्हणजे नेमके काय होते?

स्क्रीनवरचे चित्र तयार करण्याचे काम विंडोज ग्राफिक्स कार्डाकडे सोपवते आणि ते पुरे होण्याची वाट पाहते. ठरलेल्या मुदतीत कार्डाकडून प्रतिसाद आला नाही, तर कार्ड अडकले आहे असे समजून विंडोज कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) नव्याने सुरू करते. विंडोज व्हिस्टापासून चालत आलेल्या या व्यवस्थेला टीडीआर म्हणतात आणि तिची मूळ मुदत २ सेकंदांची आहे. अशा वेळी स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते आणि चालू असलेला गेम बहुधा बंद पडतो. कार्ड पुन्हा सुरूच होऊ शकले नाही, किंवा एका मिनिटात हा प्रकार पाचाहून अधिक वेळा घडला, तर विंडोज हात टेकते आणि निळी स्क्रीन दाखवते.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, कार्डाने प्रतिसाद दिला नाही एवढेच विंडोजला कळते. का दिला नाही, हे कळत नाही. वीज कमी पडली, चिप तापली, रॅममधून चुकीची माहिती गेली, ड्रायव्हरमध्येच चूक होती किंवा स्लॉटमधला संपर्क सुटला, तरी नोंद एकसारखीच होते. त्यामुळे नोंदीत ग्राफिक्स ड्रायव्हरचे नाव दिसले एवढ्यावरून नवे कार्ड विकत घेणे, हा या दुखण्यावरचा सर्वांत महाग आणि बरेचदा निरुपयोगी उपाय ठरतो.

२. दोष कार्डाचा आहे की दुसऱ्या कशाचा, हे संगणक बंद पडण्याच्या पद्धतीवरून ओळखता येते का?

पूर्ण खात्रीने नाही, पण शोध कोठून सुरू करावा हे निश्चित कळते. कोणतीही निळी स्क्रीन न दिसता संगणक एकदम बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर संशय प्रथम पॉवर सप्लायवर, म्हणजे एसएमपीएसवर घ्यावा, कारण विजेचा प्रवाह मर्यादेबाहेर गेला की तो स्वतःला बंद करून घेतो. स्क्रीन काळी पडून कार्डाचे पंखे पूर्ण वेगाने फिरू लागले आणि आवाज मात्र काही काळ चालू राहिला, तर कार्डाचा मदरबोर्डशी संपर्क तुटला आहे किंवा कार्डाला मिळणारी वीज खंडित झाली आहे असे समजावे. फक्त गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसत असेल, तर ड्रायव्हर, ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे) किंवा तो गेम यांपैकी काहीतरी कारण असण्याची शक्यता अधिक असते. चित्र जागेवर गोठून आवाजाचा एकच तुकडा घरघरत राहिला, तर मात्र रॅम आणि प्रोसेसर यांनाही संशयितांच्या यादीत घ्यावे लागते. रंगीत ठिपके किंवा पट्टे दिसत असल्यास प्रश्न ९ पाहावा.

३. क्रॅशची नोंद कोठे मिळते आणि ती कशी वाचावी?

इव्हेंट व्ह्यूअर उघडून 'विंडोज लॉग्ज'मधील 'सिस्टिम' हा भाग पाहावा आणि क्रॅश झाला त्या मिनिटाच्या आसपासच्या नोंदी वाचाव्यात. ४१०१ क्रमांकाची नोंद म्हणजे ड्रायव्हर थांबला होता आणि तो परत सुरू करण्यात आला. कर्नल-पॉवर या नावाची ४१ क्रमांकाची नोंद पाहून अनेकांना एसएमपीएस बिघडल्याची खात्री वाटते. प्रत्यक्षात ती नोंद, संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढेच सांगते आणि कोणी पॉवरचे बटण दाबून धरले तरी ती उमटते. 'व्हीआ-लॉगर'च्या नोंदी मात्र गांभीर्याने घ्याव्यात, कारण त्या हार्डवेअरने स्वतः कळवलेल्या चुका असतात. त्यांत १७ क्रमांकाच्या नोंदींचा पाऊस पडत असेल, तर पीसीआय एक्स्प्रेस, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांमधली जोडणी तपासावी; ती कशी, हे प्रश्न १३ मध्ये दिले आहे.

निळ्या स्क्रीनचा कोड ११६ असेल, तर टीडीआर होऊनही कार्ड परत आले नाही असा त्याचा अर्थ होतो. सोबत फाइलचे नाव दिसते: एनव्हीएलडीडीएमकेएम हा एनव्हिडियाचा ड्रायव्हर आणि एएमडीकेएमडीएजी हा एएमडीचा. ही नावे म्हणजे गुन्हा घडला ते ठिकाण. गुन्हेगार तेथेच राहतो असे नाही. निळी स्क्रीन वाचण्याआधीच संगणक रीस्टार्ट होत असेल, तर सिस्टिमच्या प्रगत सेटिंगमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' येथे जाऊन आपोआप रीस्टार्ट होण्याचा पर्याय बंद करावा.

४. काहीही विकत न घेता सर्वांत आधी काय करून पाहावे?

प्रथम सर्व ओव्हरक्लॉकिंग काढून टाकावे: कार्डाचे, प्रोसेसरचे आणि रॅमचेही. रॅमला जास्त वेग देणारे एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे, हे पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही. चाचणीपुरते ते बायोसमधून, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधून, बंद करावे. स्वतः केलेले अंडरव्होल्टिंगही (चिपचे व्होल्टेज कमी करणे) विसरू नये, कारण सहा महिने स्थिर चाललेली सेटिंग नव्या गेमच्या नव्या भाराखाली डगमगू शकते. कारखान्यातून ओव्हरक्लॉक होऊन आलेल्या कार्डाचा वेग ५० ते १०० मेगाहर्ट्झने कमी करून पाहणेही उपयोगाचे ठरते.

त्यानंतर एसएमपीएसचे मागचे बटण बंद करून वायर काढावी, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी, आणि मग कार्ड स्लॉटमधून काढून पुन्हा घट्ट बसवावे. विजेच्या केबल दोन्ही बाजूंनी काढून पुन्हा लावाव्यात. जड कार्ड एका बाजूने खाली झुकले असेल, तर त्याला खालून आधार द्यावा.

या सर्वांत एक शिस्त मात्र कटाक्षाने पाळावी: एका वेळी एकच बदल करावा, तो कागदावर लिहून ठेवावा, आणि क्रॅश सहसा जितक्या अवधीत होतो त्याच्या दुप्पट तरी संगणक वापरून पाहावा. एका संध्याकाळी पाच गोष्टी बदलल्या आणि संगणक सुधारला, तर तो कशाने सुधारला हे कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

५. ड्रायव्हर पुन्हा टाकला तरी फरक पडला नाही. तो पूर्णपणे कसा काढावा?

जुन्यावर नवा ड्रायव्हर टाकल्याने जुन्या फाइल आणि सेटिंगचे अवशेष राहू शकतात. विशेषतः एका कंपनीचे कार्ड काढून दुसऱ्या कंपनीचे बसवले असेल तेव्हा. यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, हे मोफत साधन वापरले जाते. हवा असलेला ड्रायव्हर कार्डाच्या चिपनिर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून आधीच उतरवून ठेवावा, इंटरनेट तोडावे, सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू चालवावे, संगणक रीस्टार्ट करावा आणि मगच ड्रायव्हर टाकावा. इंटरनेट तोडण्याची पायरी गाळू नये. नाहीतर मधल्या वेळेत विंडोज अपडेट आपल्या पसंतीचा ड्रायव्हर गुपचूप टाकून मोकळे होते.

६. नेहमी सर्वांत नवा ड्रायव्हरच टाकावा का?

नाही. संगणक आधी नीट चालत होता आणि अपडेटनंतर बिघडला असेल, तर मागचा ड्रायव्हर परत टाकणे हीच पहिली चाचणी होय. कार्ड मात्र नुकतेच बाजारात आलेले असेल, तर नव्या आवृत्त्यांत त्याच्या तक्रारी दूर होत असतात. तेथे पुढे जाणे श्रेयस्कर.

७. कार्डाचे तापमान किती असले म्हणजे चिंता करावी?

मर्यादा कार्डागणिक वेगळी असते. एनव्हिडियाने आरटीएक्स ३०८० साठी ९३ आणि आरटीएक्स ४०९० साठी ९० अंश सेल्सिअस ही कमाल मर्यादा दिली आहे, तर एएमडीच्या अलीकडच्या कार्डांत चिपवरील सर्वांत उष्ण बिंदूचे तापमान ११० अंशांपर्यंत जाणे रचनेत धरलेले आहे. जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो या साधनांत सरासरी आणि उष्ण बिंदू ही दोन्ही तापमाने पाहावीत. दोहोंत १० ते २० अंशांचे अंतर सामान्य समजले जाते. ते ३० अंशांच्या पुढे गेले असेल, तर चिप आणि हीटसिंक (उष्णता वाहून नेणारा धातूचा भाग) यांमधली थर्मल पेस्ट वाळलेली आहे किंवा हीटसिंक नीट टेकलेले नाही अशी शंका घ्यावी.

तरीही चिपच्या उष्णतेला एकटीला दोष देण्याआधी थांबावे. मर्यादेजवळ येताच कार्ड स्वतःचा वेग कमी करते, त्यामुळे तापलेले कार्ड आधी मंदावते आणि क्रॅश पुष्कळ नंतर होते. कार्डावरील मेमरी आणि वीज नियंत्रित करणारे भाग तापले तर मात्र अशी पूर्वसूचना मिळेलच असे नाही, आणि त्यांचे तापमान सर्व कार्डे दाखवतही नाहीत. कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून चाचणी घ्यावी. त्याने क्रॅश थांबले किंवा लांबले, तर धूळ साफ करावी आणि हवा खेळती राहील असे पंखे लावावेत. धूळ फुंकताना कार्डाचे पंखे बोटाने धरून ठेवावेत, म्हणजे ते बेफाम फिरणार नाहीत.

८. माझा एसएमपीएस पुरेशा वॅटचा आहे, तरीही गेम सुरू होताच संगणक रीस्टार्ट होतो. असे का?

कारण वॅटचा आकडा हा सरासरी भाराचा हिशेब आहे, आणि आधुनिक कार्ड सरासरीने वीज खेचत नाही. दृश्य बदलले की काही मायक्रोसेकंदांपुरती त्याची मागणी नेहमीच्या कितीतरी वर उसळते. सामान्य वॅटमापकाला ती दिसतही नाही, पण एसएमपीएसच्या संरक्षक मंडलाला दिसते आणि ते वीज तोडते. म्हणूनच २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात, मोठ्या क्षमतेच्या पुरवठ्याने १०० मायक्रोसेकंद इतका वेळ आपल्या क्षमतेच्या २०० टक्के भार सोसावा अशी अट घातली गेली. त्याआधीच्या पुरवठ्यांपैकी उत्तम बनावटीचे बरेचसे हा झटका सोसतात, सुमार बनावटीचे सोसत नाहीत, आणि वय झालेल्यांतले कपॅसिटर थकलेले असल्याने तेही हळूहळू दुसऱ्या गटात जातात.

केबलची जोडणीही पाहावी. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, सहा पिनच्या जोडातून ७५ आणि आठ पिनच्या जोडातून १५० वॅट. कार्डाला आठ पिनचे दोन जोड असतील आणि ते दोन्ही एकाच केबलच्या दोन फाट्यांनी भागवले असतील, तर सर्व भार एकाच तारेवर पडतो; अशा वेळी एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबल आणाव्यात. मात्र दुसऱ्या एसएमपीएसच्या केबल कधीही वापरू नयेत. टोके सारखी दिसली तरी पुरवठ्याच्या बाजूची पिनरचना निर्मात्यागणिक वेगळी असते आणि चुकीच्या केबलने घटक जळू शकतात.

खर्चाआधी एक सोपी चाचणी करून घ्यावी. एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या साधनात पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणावे आणि गेममध्ये फ्रेमची मर्यादा घालावी. एवढ्याने संगणक स्थिर झाला, तर वीज किंवा उष्णता यांपैकीच काहीतरी आहे, आणि तापमान ठीक असेल तर वीजच. १२ व्होल्टच्या वाहिनीला ५ टक्क्यांची मुभा असते, म्हणजे ११.४ ते १२.६ व्होल्ट, पण सॉफ्टवेअरने दाखवलेला आकडा मदरबोर्डच्या सेन्सरचा असल्याने तो निर्णायक मानू नये. ओळखीच्या व्यक्तीचा चांगला एसएमपीएस त्याच्या स्वतःच्या केबलसह दोन दिवस लावून पाहणे, ही सर्वांत भरवशाची परीक्षा आहे.

९. स्क्रीनवर रंगीत ठिपके, चौकटी किंवा पट्टे दिसतात. कार्ड गेले का?

आधी त्या अवस्थेत स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो दुसऱ्या उपकरणावर उघडून पाहावा. ठिपके स्क्रीनशॉटमध्ये नसतील, तर चित्र कार्डाच्या मेमरीत व्यवस्थित आहे आणि बिघाड त्यापुढच्या प्रवासात, म्हणजे बहुधा केबल किंवा मॉनिटरमध्ये आहे. केबल आणि पोर्ट बदलून पाहावे. ठिपके स्क्रीनशॉटमध्येही असतील, तर कार्ड, त्याची मेमरी किंवा ड्रायव्हर यांकडे वळावे. आफ्टरबर्नरने मेमरीचा वेग कमी केल्यावर ठिपके नाहीसे होत असतील, तर मेमरीकडे बोट जाते. ओसीसीटी या चाचणी-साधनातील व्हीरॅम (कार्डावरची मेमरी) चाचणीत चुका आढळल्या तर शंकेला जागा राहत नाही. विंडोज सुरू होण्याआधी, अगदी बायोसच्या स्क्रीनवरही पट्टे दिसत असतील आणि केबल व मॉनिटर ठीक असतील, तर ड्रायव्हरवर वेळ घालवू नये: बिघाड हार्डवेअरचाच आहे.

१०. गेम तासन्‌तास चालतो, पण ब्राउझर वापरताना किंवा संगणक नुसता पडून असताना हँग होतो. हे उलटे कसे?

भार नसताना कार्ड व्होल्टेज आणि वेग दोन्ही अगदी खाली आणते आणि माऊस हलला की क्षणात वर नेते. काही कार्डे भाराखाली नव्हे, तर या चढउतारात अडखळतात. पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये पीसीआय एक्स्प्रेसखालील 'लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट' बंद करून पाहावे. ब्राउझरमधील हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद केल्यावर त्रास थांबला, तर व्हिडिओ डिकोड करणाऱ्या भागाकडे किंवा ड्रायव्हरकडे बोट जाते. वेगवेगळ्या रिफ्रेश रेटचे दोन मॉनिटर जोडलेले असतील, तर एक काढून किंवा दोन्हींचा रेट समान करून पाहावे. यांपैकी कशानेच फरक पडला नाही, तर रॅमची चाचणी मेमटेस्ट८६ ने रात्रभर चालू ठेवावी.

११. फरमार्क हा भारचाचणीचा प्रोग्राम तासभर व्यवस्थित चालतो, पण एकच गेम क्रॅश होतो. म्हणजे कार्ड निर्दोष ठरले ना?

ठरले नाही. फरमार्कचा भार इतका जड आणि एकसारखा असतो की कार्ड लगेच आपल्या वीजमर्यादेला टेकते आणि वेग खाली आणते. कार्ड ज्या सर्वोच्च वेगावर डळमळीत होते, तेथपर्यंत ते या चाचणीत पोहोचतच नाही. गेममध्ये भार हलका होताच वेग वर जातो आणि नेमके तेथेच क्रॅश होते. शिवाय रे ट्रेसिंगचे, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र बनवण्याचे, वेगळे विभाग फरमार्कमध्ये वापरलेच जात नाहीत. फरमार्क उष्णता आणि सलग वीजपुरवठा तपासण्यासाठी चांगला आहे. स्थैर्यासाठी ओसीसीटीमधील बदलत्या भाराची चाचणी घ्यावी. दोन-तीन वेगळ्या गेममध्ये काहीच होत नसेल आणि एकाच गेममध्ये होत असेल, तर त्या गेमच्या फाइलची पडताळणी करावी आणि त्याने साठवलेला शेडर कॅशे (कार्डावर चालणाऱ्या छोट्या चित्र-प्रोग्रामांचा साठा) पुसून टाकावा.

१२. गेम सुरू होताना 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश येतो, पण कार्डात भरपूर मेमरी आहे. मग?

संगणकात इंटेलचा १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर आहे का, हे आधी पाहावे, विशेषतः आय९ किंवा आय७. हा संदेश दाखवणाऱ्या पुष्कळ संगणकांत कार्ड निर्दोष आणि प्रोसेसर सदोष निघाला आहे. गेम सुरू होताना शेडरची माहिती उलगडण्याचे जड काम प्रोसेसर करतो. तेथे आकडा चुकला की चुकीची मागणी ग्राफिक्स कार्डाकडे जाते आणि खापर मेमरीवर फुटते. जादा व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर अस्थिर होतात हे इंटेलने २०२४ साली मान्य केले, ऑगस्ट २०२४ पासून बायोस अपडेटमधून मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतील सूचनांच्या) सुधारणा दिल्या आणि या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोस अद्ययावत करणे आवश्यक आहेच, पण आधीच झालेली हानी त्याने भरून निघत नाही. बायोसमधून प्रोसेसरच्या मुख्य कोअरचा वेग थोडा उतरवल्यावर संदेश थांबला, तर वॉरंटीचा दावा प्रोसेसरसाठी करावा.

कार्डाची मेमरी खरोखरच अपुरी असेल, तर सहसा आधी गेम अडखळू लागतो आणि टेक्स्चरचा दर्जा उतरवल्याने लगेच फरक पडतो.

१३. कार्ड दुसऱ्या संगणकात उत्तम चालते. आता काय तपासावे?

ही बातमी चांगलीच आहे, कारण शोधाचा निम्मा भाग संपला. प्रश्न ८ मधील वीजपुरवठ्याची तपासणी झाली असेल, तर बायोसमध्ये जाऊन कार्डाच्या स्लॉटचा वेग 'ऑटो'ऐवजी जेन ३ (पीसीआय एक्स्प्रेसची तिसरी पिढी) असा ठरवून पाहावा. कार्ड उभे बसवण्यासाठी रायझर केबल वापरली असेल, तर हा बदल प्रथम करावा, किंवा त्याहून उत्तम म्हणजे कार्ड थेट स्लॉटमध्ये बसवावे. जेन ३ साठी बनलेली रायझर केबल जेन ४ च्या वेगावर चुका करते. वेग उतरवल्यावर व्हीआ-लॉगरच्या नोंदी थांबल्या, तर दोष जोडणीत आहे. रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सर्व मेमरी एकदम वापरू देणारी सोय) बंद करून पाहणे आणि मदरबोर्डचे बायोस अद्ययावत करणे ही पुढची पावले आहेत.

१४. रजिस्ट्रीत टीडीआरची मुदत २ सेकंदांवरून वाढवावी का?

गेमच्या क्रॅशसाठी नाही; अडकलेले कार्ड आठ सेकंदांनीही अडकलेलेच असते, आणि तोवर गोठलेली स्क्रीन पाहत बसावे लागते. थ्रीडी रेंडर किंवा मोठी आकडेमोड करताना एकच काम प्रामाणिकपणे २ सेकंदांहून अधिक चालू शकते, तेथे मात्र मुदत वाढवणे रास्त आहे.

१५. लिनक्सवर हीच तपासणी कशी करावी?

टर्मिनलमध्ये डीमेसेग किंवा जर्नल-सीटीएल या आज्ञांनी कर्नलच्या नोंदी पाहाव्यात. एनव्हिडियाचा ड्रायव्हर प्रत्येक चुकीला 'एक्सआयडी' क्रमांक देतो. त्यांपैकी ७९ म्हणजे कार्ड पीसीआय एक्स्प्रेस जोडणीवरून नाहीसे झाले. अशा वेळी वीज, उष्णता आणि स्लॉट पाहावेत. ३१ आणि १३ हे क्रमांक बरेचदा प्रोग्रामच्या चुकीनेही येतात. एएमडीच्या कार्डांत 'रिंग टाइमआऊट' अशी नोंद येते, आणि तेथे कर्नल व मेसा (ग्राफिक्स ड्रायव्हरचा संच) यांच्या वेगळ्या आवृत्त्या वापरून पाहणे म्हणजेच ड्रायव्हर बदलून पाहणे होय.

१६. नव्या बारीक सोळा पिनच्या जोडाबद्दल काय काळजी घ्यावी?

हा जोड ६०० वॅटपर्यंत वीज वाहतो, आणि २०२२ च्या ऑक्टोबरपासून आरटीएक्स ४०९० वर तो वितळल्याची प्रकरणे समोर आली. अर्धवट बसलेला जोड हे त्यामागचे प्रमुख कारण मानले जाते. म्हणून तो पूर्ण आत जाईपर्यंत दाबावा आणि फट उरली नाही हे उजेडात पाहून घ्यावे. जोडापासून निदान ३५ मिलिमीटरपर्यंत केबल सरळ ठेवावी. सुधारित आवृत्तीत संवेदक पिना आखूड केल्या आहेत, म्हणजे जोड नीट बसला नसेल तर कार्ड वीज घेत नाही. क्रॅशसोबत जळका वास आला किंवा प्लास्टिकचा रंग बदललेला दिसला, तर पुढची कोणतीही चाचणी न करता संगणक बंद ठेवावा.

१७. सेकंडहँड कार्ड घेतले आणि ते क्रॅश होते. काही विशेष तपासावे का?

क्रिप्टो मायनिंगसाठी वापरलेल्या कार्डांत कार्डाचे स्वतःचे बायोस बदललेले असू शकते. कार्डावर दोन बायोसमध्ये निवड करण्याचे छोटे बटण असल्यास ते दुसऱ्या बाजूला सरकवून पाहावे. नसल्यास जीपीयू-झेडमध्ये दिसणारे वेग त्याच मॉडेलच्या अधिकृत आकड्यांशी ताडून पाहावेत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ४३ क्रमांकाची त्रुटी दिसत असेल आणि प्रश्न ५ मधील उपायानेही ती जात नसेल, तर बदललेले बायोस किंवा हार्डवेअरचा बिघाड, हे दोनच दाट संशय उरतात.

१८. कार्ड ओव्हनमध्ये तापवल्याने दुरुस्त होते असे वाचले. करून पाहावे का?

करू नये. त्या उष्णतेने चिपखालचे जोड काही दिवस किंवा आठवडे पुन्हा चिकटल्यासारखे होतात आणि मग सुटतात. दरम्यान प्लास्टिकचे भाग व कपॅसिटर बिघडतात, अन्न शिजवण्याच्या ओव्हनमध्ये विषारी वाफा राहतात आणि वॉरंटी संपते. कार्ड वॉरंटीत असेल, तर हीटसिंक उघडण्याआधीही अटी वाचाव्यात. दावा करताना 'गेम बंद पडतो' एवढेच न लिहिता, दुसऱ्या संगणकातही कार्ड क्रॅश झाल्याची नोंद, व्हीरॅम चाचणीचा निकाल, ठिपक्यांचा स्क्रीनशॉट आणि प्रश्न ४ मध्ये सांगितलेला बदलांचा कागद सोबत जोडावा. सेवा केंद्राकडून 'दोष आढळला नाही' असा शेरा मारून कार्ड परत येण्याची शक्यता त्याने बरीच कमी होते.